पाव्हना उना

शिलाई मशीनच्या सुईखाली कापड नाही आणि मोटार मात्र जिवाच्या आकांतानं घरघरते आहे, असं झालं की आमच्या खोलीतल्या सगळ्या बाया समजायच्या. कोपऱ्यात जिजी पायडल दाबून बसलेल्या असत. मान उजवीकडे झटके खायची, डोळे घट्ट मिटायचे, ओठ हलायचे आणि त्या ओठांतून जे बाहेर पडायचं ते मोटारीच्या आवाजात बुडून जायचं. मग पाय उचलून त्या साडी पुन्हा सुईखाली घेत आणि शेजारणीला सांगत, "गया पाव्हना." आधी कळलंच तर "पाव्हना उना", पाहुणा आला, अशी वर्दीही देत.

सुरतेतल्या उधन्यात माझी साड्यांना लेसपट्टी लावायची लहानशी खोली आहे. बाया सगळ्या खानदेशातून आलेल्या. जिजी अमळनेरकडच्या. नवऱ्याचं आयुष्य लूमवर, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं. "लूमनी त्यासना कान खाई टाकात, म्हनीसनच मना संसार टिकना," असं त्या सांगायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या.

काम मागायला आल्या तेव्हा बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, मना तोंडमा एक पाव्हना शे. न बलावता येस."

मला वाटलं, बाई गमतीची आहे. तेवढ्यात मान झटकली आणि पाहुणा आला. तो एक शब्द होता. माझ्या समाजाला गावानं पिढ्यान् पिढ्या दिलेली शिवी. मी तो इथं लिहिणार नाही. तुमच्यापैकी काहींनी तो ऐकला असेल, काहींनी खाल्ला असेल.

मी तापट बाई आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. "चालत्या व्हा" असं ओठावर आलं होतं, पण जिजींनी आधीच हात जोडले होते.

"शब्द मना नही शे ताई. पन लागना तुमले. तोंड मनं शे, मंग माफी बी मनीच."

हे असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ज्यांनी तो शब्द ठरवून, चवीनं वापरला, त्यांनीही कधी नाही. मी त्यांना पाणी दिलं.

डॉक्टर या दुखण्याला टुरेट म्हणतात. मान, डोळे, आवाज, काहीच आपल्या ताब्यात राहत नाही, आणि काहींच्या बाबतीत तर जे मुळीच बोलायला नको तेच नेमकं तोंडातून निसटतं. हे नाव कळेपर्यंत जिजींची अर्धी जिंदगी गेली होती. आधी भगत झाले, मिरच्यांच्या धुऱ्या झाल्या. अंगात येतं असं समजून एका बाईनं तर पायावर डोकं ठेवून मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारलं होतं. "मी तिले काय दिधं माहीत शे? शिवी दिधी. आनि पोरनं लगीन जमनं ना!" जिजी हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. नंतर लोकांनी लग्नकार्याला बोलावणंच सोडलं. त्यांना पैशांपेक्षा माणसांत बसायला मिळावं म्हणून काम हवं होतं.

हाच शब्द का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी साडीवरून नजर काढली नाही.

"लहानपने आमना वट्टावर बठ्ठा लोक हाऊच शब्द बोलेत. रोग मना शे ताई, शब्द गावना शे."

आमच्याकडे सुमन आहे. माझ्याच समाजाची, अगदी पहिल्यापासून माझ्याबरोबर असलेली, फार न बोलणारी. जिजींना येऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा सगळ्यांसमोर ती मला म्हणाली, "त्यांचं दुखणं खरं आहे, मान्य. पण माझे कान आजारी नाहीत. गावात माझ्या आईला कुणी नावानं हाक मारली नाही, याच शब्दानं मारली. त्या राहणार असतील तर मी जाते."

दोघींचंही खरं होतं. जिजींनी ऐकलं आणि त्या पिशवी उचलून घरी गेल्या. आता त्या येत नाहीत, असंच मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी हजर. कोपऱ्यातलं जुनं मशीन मागितलं. त्याची मोटार इतकी बोंबलायची की कुणी त्यावर बसायला तयार नसे. "हाई माले द्या. हाई मनापेक्षा जोरमा बोलस."

तेव्हापासून ते रिकामं मशीन सुरू झालं. शिंक येऊ लागली की ती सुटायच्या आत रुमाल शोधून बघा, म्हणजे कळेल त्या काय करत होत्या ते. दिवसभर बाई शिवण सरळ ठेवायची आणि स्वतःच्या घशावर पहाराही द्यायची. मला साधा राग गिळता येत नाही. मी त्यांच्याकडे बघत राहायचे. सुमन गेली नाही. पण तिनं स्टूल दाराशी ओढलं आणि जिजींकडे पाठ करून बसू लागली.

मग एका दुपारी लाइट गेली. सगळी मशिनं एकदम गप्प. नेमका तेव्हाच टेम्पोवाला गठ्ठे घेऊन आत आलेला. आमच्याच जिल्ह्यातला पोरगा, सुरतेत वाढलेला. जिजी पायडल दाबत होत्या, दाबतच होत्या, आणि शब्द खणखणीत बाहेर पडला. पोरगा खो खो हसला. "लो! आ बेन बोले तो चाले, आपण बोललो तर केस?" असं म्हणून सुमनकडे बघत त्यानं तोच शब्द चांगला घोळवून उच्चारला.

सुमनच्या हातातली कात्री थांबली. जिजी उठल्या. मान झटके खात होती.

"माले थांबता येत नही," त्या म्हणाल्या, आणि मध्येच तो शब्द आला. सुमनकडे वळून त्यांनी हात जोडले. पुन्हा पोराकडे वळल्या. "मी जलमभर कोशिश करी राहिनू..." पुन्हा तो शब्द. पुन्हा सुमनला हात जोडले. चेहरा घामानं भिजला होता, पण आवाज हलला नाही. "तुले थांबता येस ना? मंग थांब!"

पोरगा गठ्ठे टाकून निघून गेला. पुष्कळ भाषणं ऐकली आहेत मी, पण त्या दिवशी अंगावर काटा आला तसा कधी आला नाही. ज्या तोंडातून शिवी येत होती, त्याच तोंडानं ती शिवी अडवली होती.

लाइट आल्यावर सुमननं स्टूल उचललं आणि जिजींच्या मशीनशेजारी आणून ठेवलं.

"अजून लागतं मला," ती म्हणाली.

"लागावच शे," जिजी म्हणाल्या.

"पण आता इथं बसेन."

माफ केलं वगैरे काही ती बोलली नाही, जिजींनी मागितलंही नाही. मात्र दोघी एकाच डब्यातून जेवू लागल्या.

पुढे नवऱ्याला लूमचं काम झेपेना, तेव्हा दोघं गावी जायला निघाली. उधना स्टेशनवर सोडायला सुमन आणि मी गेलो. जिजी खिडकीशी बसल्या. पदराची घडी त्यांनी तोंडाशी धरून ठेवली होती. फलाटावर कुठलं आलंय मशीन. गाडी हलली तशी त्यांनी निरोपाला हात वर केला, पदर सुटला, मान झटकली. "पाव्हना उना," एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसते ओठ हलताना दिसले.

मी सुमनकडे पाहिलं. ती खिडकीकडे टक लावून उभी होती, हात हलवत होती, आणि तिचा उजवा पाय फलाटाची फरशी पायडलसारखी गच्च दाबून धरत होता.