भोंगा झाला की निघू

“अहो, मारुतीच्या छातीला लागलं पाणी! आता तरी निघा!”

आत्या शाळेच्या गच्चीवरून ओरडत होती. तिचा आवाज असा, की गोदावरीच्या या काठावर तिने भाजीवाल्याला हाक मारली तर पलीकडे पंचवटीतला भाजीवाला पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागायचा. पण त्या दुपारी नदीच तिच्याहून मोठ्याने बोलत होती. मी खाली गल्लीत कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. समोरच्या घरात खाटेवर आतोबा उभे होते, म्हणजे आत्याचे यजमान. अंगात खाकी, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, जणू पाणी ओसरलं की लगेच ड्युटीवर जायचं होतं.

“भोंगा झाला नाही अजून,” ते म्हणाले. “भोंगा झाला की निघू.”

नाशकात पूर मोजायची आमची आपली पद्धत आहे. नदीच्या पात्रात दोन तोंडांचा उंच मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की बायकापोरांना घेऊन, भाजलेली कणसं खात लोक पुलावर पूर बघायला जातात. कमरेला लागलं की काठावरचे दुकानदार माल वर हलवतात. छातीला लागलं की मग कोणी कोणाला विचारत नाही, गाठोडी उचलून चालू लागतात. ही खबर पुलावरून तोंडातोंडी शहरभर पळते, तार ऑफिसपेक्षा लवकर. त्या दिवशीही ती अशीच आमच्या वस्तीत आली आणि तासाभरात सगळी वस्ती शाळेच्या गच्चीवर गेली. आतोबा सोडून.

मारुती त्यांना मान्य नव्हता. “मारुती काय सरकारी नोकर आहे?” ते म्हणायचे.

आतोबा कळवणच्या गाडीवर कंडक्टर होते आणि नियम पाळायचं त्यांना व्यसन होतं. कोणाला तंबाखूचं असतं तसं. सख्ख्या बायकोला स्वतःच्या गाडीत पूर्ण तिकीट फाडलं आणि मागच्या सीटवर बसवलं, कारण पुढच्या राखीव होत्या. भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ लिहिलेलं दिसलं की हा माणूस आवंढा गिळायच्या आधीसुद्धा विचार करायचा. एकदा द्वारकेच्या चौकात वाहतुकीचा हवालदार हात वर करून कोणाशी तरी गप्पा मारायला लागला. आतोबा सायकल धरून उभे ते उभेच. सगळी रहदारी गेली, म्हशी गेल्या, एक वरातसुद्धा गेली म्हणतात. हवालदाराने हात खाली घेतला तेव्हा हे निघाले आणि जाताना त्याला नमस्कार करून गेले. वरातीचं मी माझ्या पदरचं घातलं असेल, पण नमस्काराची आत्या साक्षीदार आहे.

तर पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीत जीप आली होती. जीपमध्ये एक साहेब, साहेबाच्या हातात कर्णा. त्यांनी सगळ्यांना शाळेच्या पटांगणात बसवून समजावलं, की यंदा शासनाची जय्यत तयारी आहे. पुराचा धोका झाला की शहराचा भोंगा होईल, रोज सकाळी होतो तसा नाही, लांबलचक. भोंगा झाला की शांतपणे शाळेत यायचं. त्याआधी अफवांवर विश्वास ठेवून कोणी घर सोडायचं नाही, गोंधळ होतो, चोऱ्या होतात. काही शंका? कोणाला शंका नव्हती. आतोबा तेवढे उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, भोंगा झाल्यावर दाराला कुलूप लावायचं की नुसती कडी? साहेब खूष झाले. असे नागरिक असतील तर आम्हाला काम सोपं, म्हणाले. नंतर वर्षभर पुरेल इतकं ते वाक्य आतोबांनी आम्हाला ऐकवलं.

मग समुद्रात वादळ उठलं. रेडिओ सांगत होता की ते किनाऱ्याला लागून विरून जाईल. ते कसलं विरतंय? घाट चढून थेट आमच्याकडे मुक्कामाला आलं. पाऊस असा, की छत्री उघडली तर खाली नुसती दांडी उरावी. सातपूरला मी ज्या कारखान्यात लेथवर होतो तो बंद झाला. सकाळीच शहराची वीज घालवली, वाऱ्याने तारा तुटून कोणाला शॉक लागू नये म्हणून. आतोबांना हे फार आवडलं. बघा, सरकार जागं आहे, म्हणाले. आणि खाटेवर बसून भोंग्याची वाट पाहू लागले. पावसाच्या आवाजात ऐकू यावा म्हणून दार सताड उघडं ठेवून.

इथून पुढे मला काही वाढवून सांगता येत नाही.

मी पाण्यातून आत गेलो. गल्लीच्या तोंडाशी वस्तीतल्या चौघांनी दोर धरला होता, त्याचं टोक माझ्या कमरेला होतं. मी आतोबांचा हात धरला. मारुतीचं सांगितलं, आत्याचं सांगितलं, भोंगा झाला असं खोटंसुद्धा सांगितलं. ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, “माझे कान शाबूत आहेत रे. तू हो पुढे. मी असा निघालो तर उद्या त्या साहेबांना काय तोंड दाखवू?”

मी त्यांना खाटेवरून ओढलं. ते आलेही, दोन पावलं. मग मागे वळले, कारण दाराला कडी घालायची राहिली होती. तेवढ्यात वरच्या अंगाने पाणी आलं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते, हे आम्हाला नंतर कळलं. मला दोराने ओढून घेतलं. घराची मागची भिंत बसली आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं. गच्चीवरून आत्या ओरडत होती ती गप्प झाली. 

पाणी उतरल्यावर आतोबा खालच्या अंगाला बाभळीत सापडले. बटणं सगळी लावलेली होती.

भोंगा का वाजला नाही, हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरच्या कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. भोंगा विजेवर चालायचा. वीज घालवणारे वेगळे, भोंगा वाजवणारे वेगळे. एकाची तयारी दुसऱ्याच्या तयारीला गिळून बसली होती आणि दोघांनाही आपली तयारी चोख वाटत होती.

मग शाळेच्या पटांगणात घोंगड्या वाटायला मोठे साहेब आले. त्यांच्या कर्ण्याला बॅटरी होती, तो छान वाजत होता. ते म्हणाले, सर्व यंत्रणा सज्ज होती. वारंवार सूचना देऊनही काही नागरिकांनी जागा सोडली नाही, त्यामुळे दुर्दैवाने जीवितहानी झाली.

काही नागरिक म्हणजे आमच्या वस्तीत एकच.

आत्या उठली. तिने घोंगडी परत ठेवली आणि विचारलं, सूचना कधी दिली? साहेबांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारचा म्हणाला, भोंगा आमच्याकडे, पण वीज आमच्याकडे नाही. त्याच्या शेजारचा म्हणाला, वीज आमच्याकडे, पण पाणी आमच्याकडे नाही. पाण्याचा माणूस म्हणाला की धरणाचं वरून ठरतं. प्रश्न पानाच्या तबकासारखा सगळ्यांपुढून फिरला आणि कोणी न उचलता जीपमध्ये बसून निघून गेला.

त्यानंतर आत्या मला घेऊन कचेरीत जाऊ लागली. ती काही मदत मागायला जात नव्हती. तिला एवढंच हवं होतं, की ज्या कर्ण्यावरून बोलले त्याच कर्ण्यावरून, त्याच पटांगणात, ते वाक्य मागे घ्यावं. रोज नवं टेबल, नवा माणूस, तीच हकिगत. पुलापलीकडे ऐकू जाणारा तिचा आवाज त्या खोल्यांमध्ये इतका बारीक व्हायचा, की समोरचा माणूस कान पुढे करून “काय म्हणाल्या?” विचारायचा आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं.

शेवटी एक भले गृहस्थ भेटले. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं मान हलवत ऐकून घेतलं. इतकं कोणी ऐकलंच नव्हतं, म्हणून मला आशा वाटली.

आत्या म्हणाली, “साहेब, मला बाकी काही नको. माझ्या माणसाने ऐकलं नाही असं म्हणू नका. तुमच्या अख्ख्या कचेरीत त्यांच्याइतकं तुमचं ऐकणारा कोणी नसेल. ऐकलं म्हणूनच गेले ते. तेवढं वाक्य काढा.”

त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

“मनाला लावून घेऊ नका, बाई,” ते म्हणाले. “ते वाक्य दरवर्षी असतं.”