मूळ रंगाचा रुपया

आता कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा घेताय ना, तर ऐकाच. फणसवाडीत मी अजून मान खाली घालून का शिरतो, ते कळेल तुम्हाला.

माझ्या सासूबाई फणसवाडीच्या चाळीत राहतात. एकदा त्यांनी कपाटातून एक कापडी पिशवी काढली आणि माझ्यापुढे ओतली. खणखण, खणखण! राणीछाप, राजाछाप, चांदीचे जुने रुपये. त्यांच्या सासूबाईंकडून आलेले. सगळे काळेकुट्ट.

"जावयबापू, ह्यातली चांगली नाणी इरासाठी ठेवची. ती मोठी होयसर किंमत वाढात. बाकीची मोडूया. तुमका त्यातला कळता मां?"

इरा म्हणजे आमची मुलगी. आणि मला त्यातलं कळतं का? अहो, मला ओ की ठो कळत नव्हतं! पण सासूबाई 'कळता मां' म्हणाल्यावर 'नाही' म्हणणारा जावई अजून जन्मायचाय.

"कळतं की!" मी म्हणालो.

सोमवारी परळच्या ऑफिसात मी विन्सेंटला गाठलं. शेजारच्या टेबलावरचा माझा दोस्त. वसईचा, नाण्यांचं भयंकर वेड. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टपाशी उभ्याउभ्याच त्याची शिकवणी सुरू झाली.

"चांदीचं वजन बघून नाय चालत रे. साल बघ. टांकसाळीची खूण बघ. राणीचे केस, कपड्याची नक्षी शार्प पायजे. आणि सगळ्यात मेन काय? ओरिजिनल कलर! कलर ओरिजिनल नसेल तर खेळ खल्लास. कलेक्टर हात नाय लावत."

"म्हणजे नेमकं..." मी विचारतोय तोवर लिफ्ट आली, माणसांचा लोंढा आत घुसला आणि त्यात विन्सेंट गेला.

ती लिफ्ट दोन मिनिटं उशिरा आली असती ना, तर आज मी ताठ मानेने फिरलो असतो!

मी विचार केला, चांदीचा ओरिजिनल कलर कोणता? पांढराशुभ्र! हे तर शेंबडं पोरही सांगेल. मग हा काळा थर म्हणजे वर्षानुवर्षांचा मळ. काढला पाहिजे.

रविवारी दुपारी मी सासूबाईंच्या मोरीत बैठक मारली. लिंबू, रांगोळी आणि ब्रश. काय घासलं म्हणून सांगू! बोटांची सालं निघाली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, विन्सेंटना विचारलंत का?"

"अगं, त्यानेच सांगितलंय! कलर ओरिजिनल हवा म्हणून."

नाणी अशी लखलखली की सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "आमच्या सासूबायन बघल्यान आसता तर!" आणि कौतुक कधी खोलीत मावतं का? त्यांनी गॅलरीत जाऊन सांगितलं. लगेच शेजारचे पाटकरकाका वडिलांची आठवण म्हणून जपलेला त्यांचा एकुलता एक रुपया घेऊन हजर.

"जावईबापू, आमचाही तेवढा करून द्या."

"द्या की काका, त्यात काय!" काकांचा रुपया तर मी जास्तच मन लावून घासला. परका माणूस, कमी पडायला नको.

पुढच्या रविवारी विन्सेंटला मुद्दाम चहाला बोलावलं. सासूबाईंनी घावणे केले. पाटकरकाका खुर्ची घेऊन आले. मी ताटात नाणी मांडली. आरशासारखी!

विन्सेंटने भिंग लावलं. एक नाणं पाहिलं, दुसरं पाहिलं. घावण्याचा घास तोंडातच राहिला.

"हे कोणी केलं?"

"मी!" मी छाती पुढे काढली.

"अरे, राणीचं नाक कुठंय?"

"नाक?"

"घासून टाकलंस तू! अरे बाबा, तो काळा रंग हाच ओरिजिनल कलर! कितीतरी वर्षांनी चढतो तो. कलेक्टर त्याचेच पैसे देतो. आता ही निव्वळ चांदी झाली, मोडीच्या भावाची."

पाटकरकाकांनी ताटातून आपला रुपया उचलला, चष्मा वर करून पाहिला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. "वडलांना नाकाचा फार अभिमान होता," एवढंच म्हणाले. राणीच्या नाकाशी त्यांच्या वडिलांचा काय संबंध, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात विन्सेंटने सहज रिकामी पिशवी चाचपली. तळाच्या शिवणीत काहीतरी अडकलं होतं. निघाला एक काळाकुट्ट रुपया! त्याने भिंग लावलं आणि ओरडलाच.

"आंटी, हे बघा! केस न् केस दिसतोय. कलर एकदम ओरिजिनल. हे ठेवा. विकू नका बिलकूल!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे कसं वाचलं रे तुझ्यापासून?"

"दिसलं नाही मला," मी पुटपुटलो.

सासूबाईंनी तो रुपया त्याच्या हातातून अलगद घेतला, मऊ कागदात गुंडाळला आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. बाहेर आल्या त्या रिकाम्या हाताने.

"कुठे ठेवलात?" मी आपलं जबाबदार जावयासारखं विचारलं.

माझ्या पानात आणखी एक घावणा वाढत त्या प्रेमाने म्हणाल्या, "तुमका सांगलंय तर भाव उतरात!"