आस्कंदाची पुडी

वैद्यानं पुडी वरनंच टाकली. माझ्या पसरलेल्या हातात पडायची ती पायरीच्या दगडावर पडली अन् फुटली.

"उचल," वैद्य ओट्यावरनं म्हनाला. "आस्कंद आहे. वाया घालवू नकोस."

मी गुडघ्यावर बसलो. भुकटी मातीसकट गोळा केली. अन् वर त्यालाच हात जोडले! तवा लाज न्हाई वाटली. आता आठवलं की अंगाची लाही हुतीया.

आमी कोल्हारचे, म्हारवाड्यातले. लढाई चालू हुती, रॉकेल मिळंना, त्या सालांतली गोष्ट. बाप गेला अन् येसकरकी माझ्या गळ्यात आली. गावात कुनी मेलं की त्याच्या सोयऱ्याच्या गावी सांगावा न्यायचा तो येसकरानं. ऊन असो, अंगात ताप असो. उशीर झाला तर चावडीपुढं ओनवं करून पाठीवर धोंडा. त्यामुळं "येसकराऽ" अशी हाळी आली की छातीत धडधड सुरू व्हायची. पुढं पुढं हाळी नसली तरी व्हायची. हातपाय गार पडायचे. घास हातातच ऱ्हायचा. बायको म्हनायची, "आवं, कुनी न्हाई हाक मारली. जेवा की." जेवन कुठलं!

म्हनून वैद्याकडं गेलो. त्यानं नाडी धरली न्हाई, विटाळ झाला असता ना. लांबनंच जीभ बघितली. "आस्कंदाचं चूर्ण देतो. मन घट्ट होईल. रोज दुधातून घे." दूध! आमच्यात दूध कुठलं? मी गुळाच्या पान्यात घ्यायचो. बदल्यात त्याची लाकडं फोडायचो. अन् खरं सांगतो, बरं वाटायचं. गावात एका तरी मानसाला आपल्या जिवाची काळजी हाय, असं वाटायचं. बायको पुडीला हळदकुंकू लावायची.

एका सकाळी त्याच्या परसात लाकडं फोडत हुतो. आत खिडकीपाशी वैद्याची सून पुड्या बांधत हुती.

"मामंजी, येसकराच्या पुडीत नेहमीसारखं भाजकं पीठच घातलंय. आज थोडा तरी आस्कंद घालू का?"

"नको," वैद्य हसला. "त्याची भीती गेली तर सांगावा घेऊन पळेल कोण? भ्यालेला येसकरच बरा."

कुऱ्हाड हातातच ऱ्हायली. त्यानं मारलं असतं तर सोसलं असतं. शिव्या तर रोजच्याच. पन हा मानूस माझी भीती जितराबावानी पोसत हुता! अन् मी येडा त्याच्या पाया पडत हुतो. केसानं गळा कापला त्यानं माझा.

तेवढ्यात तो परसदारी आला. "पाटलाची आत्या गेली. संगमनेरला सांगावा ने. पळ."

धडधड सुटली. तीच. पन जागचा हाललो न्हाई.

"न्हाई जायाचो."

"काय म्हणालास?"

"न्हाई जायाचो. तुमच्या पिठाचा गुन आला म्हना."

तिथनं तडक चावडीवर गेलो अन् येसकराची काठी पाटलापुढं टाकली. गावानं भाकरी तोडली. दुकानातलं मीठ बंद झालं. बायको लई रडली, पन काठी परत आना म्हनली न्हाई.

धडधड अजून हाय. तिच्यासाठी आता कुनाच्या ओट्याखाली हात पसरायचा न्हाई. जिच्यापायी ती लागली, ती येसकरकीच मोडायची. माझ्या घरातली मोडली. आता म्हारवाड्यातल्या एकेकाच्या दारात जाऊन सांगतोय. ज्याचं मढं, त्यानंच सांगावा न्यावा.