न विरलेला फेस

या लेखापुढे एकच प्रश्न आहे, तो आरंभीच मांडतो. जळगावच्या एका धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात माझा मित्र रघुनाथ याने मालकांना दाखवलेला प्रयोग फसला. तो त्याच्या अज्ञानामुळे फसला का? त्या धंद्यातली माणसे आजही तसेच समजतात, आणि रघुनाथ आता उत्तर देऊ शकत नाही. दीड महिन्यापूर्वी धुळ्याहून त्याच्या बहिणीचा, अक्कांचा, शाळेत फोन आला. "मास्तर, दादा गया..." एवढेच अक्का बोलल्या. मी वर्गात परत गेलो आणि राहिलेला धडा पुरा केला, कारण दुसरे काय करावे ते सुचले नाही.

आम्ही रसायनशास्त्र एकाच बाकावर बसून शिकलो. मी मेहरूणच्या शाळेत विज्ञानशिक्षक झालो, तो त्या कारखान्यात केमिस्ट. लग्न दोघांचेही झाले नाही. रविवारी संध्याकाळी मेहरूणच्या तळ्याकाठी फिरणे आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक चहा दोघांत घेणे, हाच आमचा संसार होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यामागच्या नाल्यात फेस साचू लागला. खालच्या अंगाला केळीच्या बागा होत्या. तिथले एक वयस्कर शेतकरी, त्यांना सगळे आबा म्हणत, एकदा थेट ऑफिसात आले. "शेठ, तुमना नालामा दूध वाही ऱ्हायनं का? बठ्ठा गाव लोटा लिसन येवाले तयार शे." नाल्यात दूध वाहते म्हणून सगळे गाव लोटे घेऊन यायला तयार आहे, हा टोमणा ऐकून शेठजी हसले, आबांना चहा पाजला, पण त्याच सुमारास मुंबईच्या एका मोठ्या खरेदीदाराचे पत्र आले की, पाण्यात फेस न विरणारी पावडर यापुढे आम्ही घेणार नाही. तेव्हा मात्र त्यांनी रघुनाथला बोलावले.

रघुनाथने मला समजावले ते असे. पावडरीतला मळ काढणारा घटक म्हणजे कर्बाची एक साखळी. ती सरळ असेल तर पाण्यातले जंतू तिला उसाच्या कांड्यासारखी टोकापासून खात जातात. स्वस्त मालातली साखळी मात्र बाभळीच्या फांदीसारखी, फाटे फुटलेली. "तिला तोंड लावायचे कुठून, मास्तर?" तो म्हणे. सरळ साखळीचा माल महाग होता, त्याची पावडर थोडी ओल धरी. पण ज्याच्यामुळे आज गाव दारात येते आहे, तेच बदलले तर उद्या मोठे गिऱ्हाईक दारात येईल, असे त्याचे म्हणणे होते. शेठजींना ते पटेना. "रघुनाथजी, बाई बादलीत हात घालते ती फेस बघायला. फेसच मरणार असेल तर मी काय विकू, पांढरी माती?" रघुनाथने सांगितले, फेस बादलीत मरत नाही, नाल्यात मरतो, महिनाभरात डोळ्यांनी दाखवतो, नाहीतर माझा शब्द पुन्हा ऐकू नका.

प्रयोग अगदी साधा होता. दोन बाटल्यांत सारखे पाणी, एकीत जुना माल, दुसरीत नवा. रोज सकाळी दहा वेळा हलवायचे आणि फेसाची उंची मोजायची. घरी त्याने तळ्याचे पाणी घेऊन तो केला होता आणि नव्या मालाचा फेस पंधरवड्यात नाहीसा झाला होता. शेठजींसमोर मांडण्याआधी तो माझ्याकडे आला. मी म्हणालो, "गढूळ पाणी कसले नेतोस? शेठ म्हणतील, शेवाळानेच फेस खाल्ला. प्रयोग म्हटला की पाणी शुद्धच हवे." शाळेच्या प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातित पाणी मी त्याला दिले. वाफ करून पुन्हा थंड केलेले, निर्मळ. तो थोडा घुटमळला. "पण मास्तर, यात जंतू असतील?" मी म्हणालो, "येतील की हवेतून, महिना आहे." त्याने माझे ऐकले. वर्गात मी नेहमी बरोबर असतो, अशी त्याची समजूत होती. बाटल्यांना त्याने घट्ट बुचे मारली, हेही माझ्याच सांगण्यावरून.

महिन्याने शेठजींच्या टेबलावर दोन्ही बाटल्यांत सारखाच फेस उभा होता. "हे तर जुळे भाऊ दिसतात," शेठजी म्हणाले, "मग जास्त हुंडा एकालाच का द्यायचा?" कामगार हसले. जुना माल चालू राहिला, खरेदीदार धुळ्याच्या एका कारखान्याकडे वळला, आणि रघुनाथचे नाव 'बाटलीवाले' पडले. त्याचा शब्द खरोखरच पुन्हा कोणी ऐकला नाही. वर्षभराने तो त्याच धुळ्याच्या कारखान्यात गेला, केमिस्ट म्हणून नव्हे, प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून.

चूक मला त्यानंतर आठच दिवसांत कळली होती: शुद्ध पाण्यात फेस खाणारे जंतूच नव्हते, आणि घट्ट बुचांनी हवेतले जंतूही आत येऊ दिले नव्हते. खात्रीसाठी मी तळ्याच्या पाण्यात प्रयोग पुन्हा केला. सोळाव्या दिवशी नव्या मालाची बाटली हलवली. पाणी नुसते डचमळले, वर काही आले नाही. शाळा सुटलेली होती. ती बाटली शेठजींकडे न्यायला हवी होती. आधी परीक्षा आल्या, मग सुटी लागली, मग रघुनाथच गावात नव्हता... खरे कारण एवढेच की, चाळीस मुलांना 'शुद्ध पाणी घ्या' असे शिकवणाऱ्या मास्तरला हे सांगण्याची लाज वाटली. धुळ्याला त्याच्या खोलीवर एकदा मी सुरुवात केली, "रघुनाथ, ते पाणी..." "चहा घ्या, मास्तर, गार होतोय," तो म्हणाला. पुढे मी तळ्याकाठी एकटाच फिरत राहिलो.

तो गेल्यावर अक्कांना भेटायला धुळ्याला गेलो तेव्हा त्याच्या हाताखाली काम केलेली एक बाई त्यांच्याजवळ बसली होती; रघुनाथला ती नाना म्हणे. ती म्हणाली, "नाना भारी चिकट हो. कुठलीही तपासणी असो, पहिला सवाल ठरलेला. पाणी कोणी आणलं? कुठून आणलं? अजून आम्ही एकमेकींना तेच विचारतो." अक्का हसल्या. मला हसता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर त्याला ठाऊक होते, आणि इतक्या वर्षांत त्याने माझे नाव कोणालाही सांगितले नव्हते.

तेव्हा उत्तर असे: प्रयोग बरोबर होता, पाणी चुकीचे होते, आणि ते मी दिले होते. यावरही माझ्या शब्दावर विसंबू नका. नाल्याचे किंवा तळ्याचे पाणी घ्या, बाटल्यांचे तोंड फक्त फडक्याने बांधा, रोज हलवण्यापुरतेच बूच लावा, आणि वाचकहो, स्वतः तपासून पाहा.