श्रावणातली गाळपेर

नागपूरहून निघाले तेव्हाच डोकं तापलेलं होतं. उपग्रहाने काढलेली जमिनीची चित्रं तपासणं हे माझं काम. आमच्या या चित्रांतले रंग खरे नसतात. हिरवं पीक लाल दिसतं आणि स्वच्छ पाणी काळं. जालना जिल्ह्यात राजूरजवळचा एक तलाव मी कायम काळाच पाहिलेला. या श्रावणात पावसाने ओढ दिली, आभाळ मोकळं राहिलं, आणि नव्या चित्रात तोच तलाव लालभडक! पाण्यावर शेवाळ माजलं की असं दिसतं, आणि त्यातलं काही शेवाळ विषारी असतं. मी लगेच तालुक्याच्या कचेरीत फोन लावला.

"लाल म्हणजे पीकच ना, मॅडम?" तिकडचे साहेब म्हणाले. "चित्र इथंही आलंय. तलाव आटला असेल, गाळपेर (आटलेल्या तलावाच्या गाळात केलेला पेरा) झाली असेल. आम्ही तसं कळवलंसुद्धा वर."

श्रावणात गाळपेर! ती उन्हाळ्याकडे करायची गोष्ट. पोळा तोंडावर आला आहे, आदल्या दिवशी सगळं गाव बैल धुवायला तलावावर नेईल, हेही मी सांगून पाहिलं. "पोळ्यानंतर बघू," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. तलावाजवळच्या गावात फोन नव्हता. मग मीच पिशवी भरली.

सिंदखेडराजाच्या अलीकडे एसटीने मान टाकली. वाहक निवांत बिडी ओढत बसला आणि मी रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालत राहिले. जालन्याला गाडी बदलून राजूरला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. गणपतीच्या देवळासमोर गोंडे, झुली, बेगड यांची दुकानं सजली होती. दुपारपासून पोटात काही नव्हतं, म्हणून भजी घेतली आणि ती हातातच धरून जीप शोधू लागले. एक जीपवाला तयार झाला, त्याच्याबरोबर निघाले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी माना टाकून उभी होती. तलाव मात्र हिरवागार. कुणी रंगाचे डबे पाण्यावर ओतावेत तसा दाट तवंग काठाला साचलेला, आणि कुजका वास. मी बाटलीत पाणी भरत होते, तेवढ्यात समोरून ओल्या अंगाची लाल कंधारी बैलजोडी चढ चढून आली. मागे किसनराव, पन्नाशीचे शेतकरी.

"दादा, बैल पाणी प्यायले का?"

"प्याले की. हौश्या तर पोटभर प्याला. का हो ताई?"

मी सांगितलं. त्यांनी वळून तवंगाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वास येऊन राह्यला व्हता. पण दरसाल हितंच धुतो आम्ही. कुणी सांगितलं न्हाई आमाला."

या वाक्याने माझ्या अंगाचा भडका उडाला. जे हजारो फुटांवरून नव्हे, शेकडो मैलांवरून दिसलं होतं, ते कचेरीपासून जीपने जाता येईल इतक्या अंतरावरच्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं! किसनरावांनी तिथूनच हाळी देऊन मागचे बैल परतवले. बाकीच्यांनी ते विहिरीवर धुतले.

संध्याकाळी त्यांच्या घरी खांदमळणी (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळण्याचा विधी) झाली. किसनरावांच्या पत्नी गयाबाई हौश्याचा खांदा चोळत होत्या आणि त्याचे पाय थरथरत होते. गुरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले, सुई दिली, सलाईन लावलं. "यावर उतारा नाही," मला बाजूला घेऊन ते म्हणाले. गयाबाई रीतीप्रमाणे आमंत्रण द्यायला बैलाच्या कानाशी वाकल्या. "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." माझ्यापुढे ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची आमटी) आली. मी जेवले, कारण गयाबाई समोर बसून होत्या.

सकाळी हौश्या गेला. तरी पोळा झाला. गयाबाईंनी अंगणात मातीचा बैल केला, जोडीतल्या दुसऱ्या बैलाच्या, गुलब्याच्या शेजारी मांडला आणि दोघांपुढे पुरणपोळी ठेवली. गुलब्याने आपली खाल्ली आणि मान वळवून मातीच्या बैलाला हुंगत राहिला. मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी किसनराव आणि मी भोकरदनला तालुक्याच्या कचेरीत गेलो. मी टेबलावर चित्र पसरलं, शेजारी हिरव्या पाण्याची बाटली ठेवली. साहेबांनी बाटली रुमालाने लांब सरकवली. "तपासणीशिवाय शेवाळ विषारी म्हणता येणार नाही. आणि अहवाल गेलाय."

"मग तिथे साधी पाटी तरी लावा!"

"कशाची? आमच्या कागदावर तिथं पीक आहे."

आयुष्यात मी इतक्या मोठ्याने क्वचितच बोलले असेन. शिपाई दारात येऊन उभा राहिला. किसनरावांनीच मला हाताने थांबवलं. "चला ताई. ह्यांच्याशी बोलून काय बी व्हनार न्हाई."

राजूरच्या थांब्यावर ते मला एका किराणा दुकानात घेऊन गेले. तिथे फोन होता. त्यांनी मालकाकडून नंबर लिहून घेतला आणि कागद माझ्या हातात ठेवला. "पुढच्या टायमाला वरून काही दिसलं तर हितं सांगा. जल्दी निरोप येतो गावात. बाकी काही नको आमाला." बैल गेलेल्या माणसाने माझ्याकडे एवढंच मागितलं. गाडी जालन्याकडे निघाली तरी माझा राग उतरला नव्हता. शास्त्र, यंत्रं, आकाशातला उपग्रह, सगळं होतं. शेवटच्या माणसापर्यंत जाणारा एक निरोप तेवढा नव्हता.

नागपूरला नवं चित्र येऊन पडलं होतं. त्याच ओढ्यावरच्या खालच्या तलावाच्या काठाला लाल कड दिसत होती. मी राजूरला फोन लावला. दुकानदाराने तलावाचं नाव दोनदा म्हणून पक्कं केलं. मग विचारलं, "म्याडम, हापिसात बी कळवू का?"

"नंतर," मी म्हटलं. "आधी गुरं वळवा."