उष्टं नाव

आष्ट्यात जवाहर मगदूमांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्या दुकानात नवऱ्यापेक्षा जास्त वेळ चंदनबालाच बसते. गिऱ्हाईक नसलं की ती मोबाइल उघडते. बाकीच्या बायका मोबाइलवर साड्या बघतात, कुणाकुणाची लग्नं बघतात. चंदनबाला नट-नट्यांच्या पोरांची नावं बघते. कुणा हिरोला मुलगा झाला, कुणा क्रिकेटवाल्याला मुलगी झाली, की नाव काय ठेवलं हे तिला गल्लीत सगळ्यांच्या आधी कळायला हवं. आणि कळलं की तिच्या कपाळाला आठी पडणार हे ठरलेलं.

"ह्ये बघा," ती जवाहरला म्हणते, "जुन्या काव्यातल्या राजाचं नाव ठिवलंय पोराला. बापाला म्हणावं, त्या काव्यातली एक वळ म्हणून दाव."

"तुझं काय जातंय?" जवाहर युरियाच्या पोत्यांकडे बघत विचारतो.

"माझं कशाला जाईल? मी आपली बोलतीया."

नदीचं नाव ठेवलं तर तिचं म्हणणं, नदी उन्हाळ्यात आटते. वेदातलं ठेवलं तर म्हणणं, मास्तर हजेरी घेताना दमेल. एकीनं मुलीला कुठल्याशा कथेतल्या राणीचं नाव ठेवलं, तर चंदनबाला दिवसभर म्हणत होती, "त्या राणीचं शेवटाला काय झालं त्ये वाचलंच न्हाई बाईनं." गल्लीतल्या बायकांना वाटायचं, मगदूमकाकूंचं वाचन फार. वाचन होतंच. पण हे काही त्या वाचनातून येत नव्हतं. सरळ सांगायचं तर ती जळत होती, आणि जळतेय हे तिला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं. एकदा तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"आवं, ह्या नट्यांस्नी नणंदा नसत्यात का वो?"

सगळं दुखणं ह्या एका प्रश्नात होतं. आपल्याकडे पोर आईचं, पण नाव ठेवायचा मान आत्याचा. बारशाला आत्या वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते, मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, मग ती उभी राहून तेच नाव सगळ्यांना ऐकवते. चंदनबालेची आई म्हणायची, "कानात पडलं त्ये नाव. मागनं आरडायचं त्यो नुसता बोभाटा." आईनं काय, पाळण्याची दोरी धरून हसऱ्या तोंडानं उभं राहायचं.

चंदनबाला तशी दोनदा उभी राहिली होती. थोरल्याच्या वेळी तिच्या मनात 'मकरंद' होतं. तिनं ते भीत भीत जवाहरला सांगितलं, जवाहर म्हणाला, "सांगतो की मंगलला." मंगल ही त्याची थोरली बहीण, मिरजेला दिलेली. ती आली, वाकली, धपाटे खाल्ले आणि उभी राहून म्हणाली, "पृथ्वीराज!" त्या गल्लीत तेव्हाच दोन पृथ्वीराज होते. चंदनबाला नुसती म्हणाली, "तुमी म्हणशिला त्येच, वन्सं." धाकट्याच्या वेळी तिनं काही सुचवलंच नाही. तो धैर्यशील झाला. शेजारणी म्हणाल्या, किती भारदस्त नावं! चंदनबालेनं पेढे वाटले.

पण मुलीचं एक नाव तिनं कुणालाच दिलं नव्हतं. माहेरी, कुंडलला, बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, जुन्या कपाटात तिला शाळकरी वयात एक पुस्तक सापडलं होतं. पुढची पानं नाहीत, मागची नाहीत. त्यात एक राजकन्या तळ्याकाठी एकटी राहायची आणि कुणाला भीत नसायची. तिचं नाव उत्पलिनी. कमळांनी भरलेलं तळं, असा त्याचा अर्थ पुस्तकातच खाली दिला होता. पुस्तक पुढे कुठं गेलं देव जाणे, नाव मात्र चंदनबालेनं मनात ठेवलं, माहेरच्या चोळीसारखं, घडी न मोडता. तिला मुलगी झाली नाही. मग तिनं हिशोब बदलला. भाऊ आहे, भावाला मुलगी होईल, आत्या मीच.

भाऊ भरतेश शिरवळच्या कंपनीत नोकरीला. त्यानं लग्न करायलाच इतका उशीर लावला की चंदनबालेनं देवापुढे ठेवलेले नारळ मोजायचे सोडून दिले. शेवटी सांगलीची प्रीती आली. चांगली पोरगी, कामाची, हसरी, पण हातातला मोबाइल खाली न ठेवणारी. तिला दिवस गेले. आणि झाली तीही मुलगीच. फोनवर भरतेश म्हणाला, "आक्का, आत्या झालीस गं!" त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पेढा मिळाला, उधारीवाल्यालासुद्धा.

त्याच आठवड्यात चंदनबालेनं सवयीप्रमाणे मोबाइल उघडला आणि बघते तर काय. रोज रात्री घराघरात दिसणारी एक मालिकेतली नटी. तिला मुलगी झाली होती. पांढऱ्या दुलईतून एक इवलीशी मूठ बाहेर आलेली, आणि खाली लिहिलेलं: 'आमची उत्पलिनी.'

तिनं ते तीनतीनदा वाचलं. मग जवाहरच्या नाकासमोर मोबाइल धरला.

"चोरलं बघा. माझं नाव चोरलं हिनं."

"अगं, तिला काय सपान पडलं का तुझ्या मनात काय हाय त्याचं?"

"त्ये मला म्हाईत न्हाई. माझं व्हतं."

"मग ठीव की तू बी. कोण नगं म्हणतंय?"

"उष्टं नाव ठिवू भावाच्या पोरीला?" चंदनबालेच्या डोळ्यांत पाणी आलं. "लोक म्हणतील, नटीचं बघून ठिवलं."

म्हणणारच होते. दोन दिवसांत सगळ्या गल्लीच्या तोंडी तेच. शेजारची सोनिया दुकानात आली आणि म्हणाली, "काकू, काय नाव शोधलंय बाईनं! लय अभ्यास आसंल न्हाई?" चंदनबालेला वाटलं, हिला इथंच कीटकनाशकाच्या खोक्यावर बसवावं आणि त्या राजकन्येची सगळी गोष्ट सांगावी. पण सांगून काय, पुस्तक तरी कुठं होतं दाखवायला? ती म्हणाली, "अभ्यास कसला? नोकरांनी शोधून दिलं आसंल." आणि त्या नटीची मालिका तिनं त्या दिवसापासून बंद केली. जवाहरला चोरून बघावी लागायची.

ह्यावर कडी म्हणजे प्रीतीचा फोन.

"आक्का, बारशाचं ठरलं. मान तुमचाच. पण एक सांगू? आम्हाला दोघांनाबी नाव सापडलंय. उत्पलिनी! त्या नटीनं ठेवलंय बघा, तेच. तुम्ही कानात तेवढंच सांगा हं. मी पाळण्यामागं सोनेरी अक्षरंबी करून घेतल्यात."

ज्या नावासाठी ती इतकी वर्षं थांबली, ते आता तिलाच हुकूम म्हणून आलं होतं, आणि तेही त्या बयेच्या घरावरून. मान तुमचाच म्हणे! पोस्टमननं पत्र टाकावं तसं नाव टाकून जायचं आणि धपाटे तेवढे आपण खायचे.

"बगू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कुंडलच्या घरात बारशाला पाय ठेवायला जागा नव्हती. घुगऱ्या शिजल्या होत्या, बुंदीचा वास सुटला होता. पाळण्याला झेंडूच्या माळा, आणि पाळण्यामागे भिंतीवर एक जरीची साडी आडवी बांधलेली. तिच्यामागे ती अक्षरं होती. आत्यानं नाव सांगितलं की भरतेशनं साडी ओढायची, प्रीतीच्या मावशीनं मोबाइलवर सगळं टिपायचं, असा बेत. दोघी-तिघी आपसांत कुजबुजत होत्या, "त्या नटीचंच ठिवणार हायती म्हणं." चंदनबालेच्या कानाला ते बरोबर ऐकू आलं.

ती पाळण्यावर वाकली. बाळ जागं होतं. नाक थेट भरतेशचं. तिनं कानाला तोंड लावलं, कुर्रर्र केलं, आणि मनात काही ठरवायच्या आतच तोंडातून निघालं, "उत्पलिनी." इतकं हळू, की फक्त बाळालाच कळावं. इतक्या वर्षांचं नाव ते, त्या कानाची वाटच बघत होतं. पाठीत धपाटे बसायला लागले, हसणं उसळलं, आणि ती सरळ झाली तर समोर मावशीचा मोबाइल, आणि मावशी म्हणतेय, "सांगा सांगा, हिरॉइनचं नाव सांगा!"

चंदनबालेच्या डोक्यात तिडीक गेली.

"शांता!" ती मोठ्यांदा म्हणाली.

आणि भरतेशनं ठरल्याप्रमाणे साडी ओढली. भिंतीवर सोनेरी अक्षरांत लखलखत होतं: उत्पलिनी.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. भरतेश साडीचं टोक हातात धरून वेड्यासारखा उभा. चंदनबालेनं प्रीतीकडे बघितलं. प्रीती पाळण्याची दोरी धरून उभी होती आणि हसायचा प्रयत्न करत होती.

"तुम्ही म्हणाल तेच, आक्का," प्रीती म्हणाली. मग नवऱ्याला हळूच, "झाका ते."

चंदनबालेला ते वाक्य ओळखीचं होतं. पृथ्वीराजच्या बारशाला तिनंही हेच म्हटलं होतं. मंगलवन्संना तिनं मनातल्या मनात इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या, आणि आज स्वतःच मंगलवन्सं होऊन पाळण्यापाशी उभी होती. तिला वाईट वाटलं. पण तेवढ्यानं काही तिनं तोंड उघडलं नाही, खोटं कशाला सांगा. सगळ्यांदेखत काय म्हणायचं? नटीवर जळले म्हणून पोरीचं नाव फिरवलं, असं?

पंगती उठल्या, पाहुणे गेले. स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. प्रीती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. चंदनबाला उगाच उरलेल्या घुगऱ्या ह्या पातेल्यातून त्या पातेल्यात करत होती.

"रागवलीस व्हय गं?" तिनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"नाही आक्का. शांता चांगलंय की. आजीबाईंचं वाटतं थोडं, होईल सवय." प्रीती थोडी थांबली. मग एकदम खुलून म्हणाली, "आणि ते नाव वाया कुठं जातंय? माझा भाऊ हाय की, धाकटा. अजून बारावीलाच हाय. पण कधी ना कधी त्याला मुलगी होईलच. तिथं आत्या मीच. ठेवीन मी जपून."

चंदनबालेच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

प्रीतीच्या भावाला मुलगी! सांगलीत! कुठल्या तरी परक्या घरात, मिसरूडसुद्धा न फुटलेल्या पोराच्या न झालेल्या पोरीला उत्पलिनी म्हणणार! नटीचं सोसलं होतं एक वेळ. ती लांब होती, पडद्यातली होती. पण हे तिच्या डोळ्यांदेखत, नात्यातल्या नात्यात, आणि बारशाचं आमंत्रणसुद्धा येणार, जावंही लागणार, घुगऱ्या खाव्या लागणार! पोटात असं पेटलं की लाज, मान, सगळं त्यात जळून गेलं.

"काय ठिवतीस जपून?" ती गर्रकन वळली. "त्ये नाव दिलंय मी. हिला. कानात त्येच सांगितलंय."

"काय?"

"उत्पलिनी! कानात उत्पलिनीच सांगितलंय. शांता आपलं वर आरडले. तुझी मावशी हिरॉइन-हिरॉइन करत व्हती, माझं डोस्कं फिरलं. कानात पडलं त्ये नाव, आमची आई म्हणायची. आता त्ये दुसऱ्या कुणाला देता येत न्हाई. तुज्या भावाला सांग, दुसरं शोध म्हणावं."

प्रीती तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडूही यायला लागलं. बाळ दचकून तोंड वेंगाडायला लागलं. "आवं, ऐकलंत का!" तिनं बाहेर हाक मारली. "ती साडी काढा परत!" मग मुक्कामाला राहिलेल्या मावशीला बोलावलं, मोबाइल आला, आणि चंदनबालेला पुन्हा वाकावं लागलं. ह्या वेळचे धपाटे एकट्या प्रीतीनं घातले. ते जरा जोरातच होते.

मुलगी आता चालायला लागली आहे. भरतेश सुट्टीला आला की सगळे आष्ट्याला येतात आणि ती दुकानात बियाण्यांच्या पुड्या खाली पाडत हिंडते. मंगलवन्सं एकदा येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "नाव झ्याक शोधलंस गं." ते ऐकून चंदनबालेला इतकं बरं वाटलं की तिनं त्यांना साडी नेसवली. पण बाकीचं जग काही मंगलवन्संइतकं चांगलं नाही. परवाच एक गिऱ्हाईक पोरीचं नाव विचारून म्हणालं, "आरं व्वा, त्या नटीच्या पोरीचं ठिवलंय व्हय!"

चंदनबालेनं सोयाबीनची पिशवी काट्यावर आपटली.

"न्हाई," ती म्हणाली. "तिनं आमचं ठिवलंय."