रंजिताचा राहिलेला धवला

पनवेलच्या एस.टी. स्टँडमागे रंजिताचं दुकान आहे. अर्ध्या भागात नवऱ्याचं, कल्पेशचं, झेरॉक्स मशीन आणि अर्ध्या भागात रंजिता, तिचा कॉम्प्युटर आणि तिचा आवाज. सरकारी योजनांचे अर्ज भरून देणं हा तिचा धंदा. पण खरं सांगू? धंदा हे नुसतं निमित्त. बाईला त्या अर्जांसोबत येणाऱ्या मार्गदर्शक सूचना वाचायचा नाद आहे, नाद! बाकीच्या बायका मालिकेच्या पुढच्या भागाची जशी वाट बघतात, तशी ही नवीन शासन निर्णयाची वाट बघते. तो आला की चहा बाजूला ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिपेपर्यंत वाचणार आणि मध्येच ओरडणार, "कल्पेश, अट शिथिल केली रे!" कल्पेश बिचारा मशीनमधला अडकलेला कागद ओढता ओढता म्हणणार, "वा वा." कसली अट, कोणासाठी शिथिल, त्याला काडीचा पत्ता नसतो.

दुकानात पाय टाकला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "सूचना वाचल्यात का?" नाही म्हणालात की तुमची शाळा सुरू. बेकरी काढायला निघालेल्या शकीलभाईंनी फोटो दिला तो दुबईला पहिल्यांदा गेले तेव्हाचा, डोक्यावर हे जंगल! रंजितानं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्यांच्या टकलाकडे. "शकीलभाई, इथं 'अलीकडचा' असा शब्द आहे." शकीलभाई हसून म्हणाले, "बेटा, दिल से तो मैं वही हूं." पण तिनं त्यांना समोरच्या स्टुडिओत पिटाळलंच. उगाच नाही लोक तिला पाठीमागे 'कलेक्टरीणबाई' म्हणत. तिला ते ठाऊक आहे आणि गंमत म्हणजे आवडतंही.

तर अशा या रंजिताच्या हाती एके दिवशी एक योजना लागली. लोककला शिकवण्याचे वर्ग काढणाऱ्यांना अनुदान. तिनं ती वाचली आणि खुर्चीतून टुणकन उठलीच. "कल्पेश! ठमामावशी!"

ठमाबाई म्हणजे कोन गावची धवलारीण. आगरी लोकांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जी गाणी म्हणतात ती म्हणजे धवला, आणि ती म्हणणारी बाई धवलारीण. तिच्या तोंडून धवला निघाल्याशिवाय पूर्वी हळद लागत नसे. आता डी.जे. लागतो आणि धवलारीण कोपऱ्यात बसून आपल्यापुरतं म्हणते, तिचा आवाज नवरीपर्यंतसुद्धा पोचत नाही. ठमाबाईचा गळा अजून खणखणीत, पण दम लागायला लागलाय. शिकायला पोरी नाहीत. पोरींच्या आया म्हणतात, सर्टिफिकेट मिळणार असेल तर पाठवू. आणि इथं तर सूचनांमध्ये लिहिलेलंच होतं, वर्ग पूर्ण करणाऱ्यांना प्रमाणपत्र! रंजिताला आनंदानं घाम फुटला. हे अनुदान मिळालं तर धवला जगणार, नाहीतर मावशीबरोबर जाणार, इतका सरळ हिशेब होता.

ती तडक कोनला गेली. तिथं ओटीवर ठमाबाई होती आणि शेजारी तांदूळ निवडत गोदू. धवला एकटीनं म्हणत नाहीत. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. ठमाबाईची ओळ झेलणारी गोदू, आणि ही गोदू म्हणजेच रंजिताची आई.

मायलेकींचं भांडण होतं असं म्हणता येणार नाही. बोलत होत्या, जेवत होत्या, आजारपणात धावत होत्या. पण रंजितानं घरच्यांच्या मनाविरुद्ध, जातीबाहेरच्या कल्पेशशी कोर्टात सह्या करून लग्न केलं होतं आणि ते गोदूच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. कुणी विचारलं, "गो, तुजी रंजिता कुटं असते?" तर गोदू म्हणायची, "पनवेलला ऱ्हाते." पनवेलला 'दिलीय' असं नाही. दिलीच कुठं होती? सह्या करून गेली होती. रंजितानं ते 'ऱ्हाते' इतक्यांदा ऐकलं होतं, तरी दर वेळी ते तिला टोचायचं. भाड्यानं राहते की काय मी तिथं!

असो. अर्ज गेला. रंजितानं असा भरला की मोत्यासारखा. आणि महिनाभरानं निवडीच्या यादीत नाव! प्रत्यक्ष सादरीकरणाला बोलावणं! तिनं दुकानातच उडी मारली, रांगेतल्या लोकांना पेढे वाटले, आणि ठमाबाईला फोन लावून ओरडली, "मावशी, सरकारनं बोलावलंय! तू आणि आईनं धवला म्हणायचाय! नवी लुगडी नेसून या!"

इथंच घोळ झाला. पण तो कळला सभागृहाच्या दारात.

सभागृह पनवेलातच. बाहेर ढोलकीवाले, वासुदेव, भारूड करणारे, सगळे तालीम करतायत, नुसता कल्ला. रंजिता इकडून तिकडे भिरभिरतेय, कल्पेश फायली सांभाळत तिच्या मागे. रिक्षातून ठमाबाई आणि गोदू उतरल्या. ठमाबाईच्या हातात टोपली. टोपलीत हळद, तांदूळ, नारळ, आंब्याचा टाळा.

"हे काय गं मावशी?"

"काय म्हंजी? लगीन हाय ना?" ठमाबाईनं आजूबाजूला बघितलं. "नवरी कुटं हाय?"

"कोणाची नवरी?"

"सरकारची! तूच बोल्लीस, सरकारनं बोलावलाय, धवला म्हनाचाय. मना वाटला सामुदायिक लगीन असंल. मी म्हनलं, दहा-बारा नवऱ्या तरी असतील."

रंजिता आधी खदाखदा हसली. मग समजावायला लागली की मावशी, लग्न नाही, फक्त पाच मिनिटं म्हणून दाखवायचं, तीन साहेब ऐकणार, गुण देणार. ठमाबाईनं टोपली खाली ठेवली.

"लगीन नाय त धवला नाय."

"अगं, पण सूचनांमध्ये लिहिलंय! सादरीकरण नसेल तर अर्ज बाद!"

"तुज्या सूचना तुज्यापाशी. माज्या बी हायत. नवरी नसताना धवला म्हनला त तो कुनाला लागंल? वाऱ्याला? माज्या सासूनं मना शिकवला तवा पयली हीच गोष्ट सांगितली."

रंजिताला आपली चूक उमगली. जगाला विचारत होती, सूचना वाचल्यात का, सूचना वाचल्यात का. आणि स्वतः ठमामावशीला एका शब्दानं विचारलं नव्हतं की बाई, तुझा काही नियम आहे का? अर्जातल्या 'सादरीकरणास तयार' या चौकोनात हिनं खुशाल बरोबरची खूण करून टाकली होती. तिला स्वतःचाच राग आला. "वर्ग बुडला मावशी," ती कशीबशी म्हणाली, "माझ्यामुळं बुडला."

तेवढ्यात आतून पुकारा झाला. "ठमाबाई, कोन!"

आत टेबलामागे दोन साहेब आणि मधोमध अध्यक्ष मॅडम. मॅडम हसून म्हणाल्या, "या आजी, करा सुरुवात." ठमाबाई उभीच. रंजिता पुढं होऊन काहीतरी सारवासारव करणार, तोच ठमाबाईनं तिच्याकडं असं टक लावून पाहिलं की ती जागीच थांबली. मग मागं फायली घेऊन उभ्या असलेल्या कल्पेशकडं पाहिलं.

"हिचा झाला नाय," ठमाबाई म्हणाली.

"काय झालं नाही?" मॅडमनी विचारलं.

"धवला. हिचा लगीन झाला, पन धवला झाला नाय. तो बाकी हाय." आणि कल्पेशला, "ए जावाई, ते कागद ठेव खाली. बस हितं."

कल्पेशच्या हातून फाईलच पडली. रंजिता लालेलाल. "मावशी, काहीतरीच काय! इथं? या वयात?" पण ठमाबाई आता कोणाचं ऐकते! पाट नव्हता, सरकारी खुर्च्या होत्या, चालतंय म्हणाली. दोघांना शेजारी शेजारी बसवलं. बोटानं हळद लावली, डोक्यावर तांदूळ टाकले, आणि छाती भरून पहिली ओळ टाकली.

"ये गं ये नवरी, पाटावरी बस गं..."

काय तो आवाज! दारातले ढोलकीवाले गप्प. पण पुढं काही नाही. ओळ झेलायची होती गोदूनं, आणि गोदू भिंतीशी उभी, पदर तोंडाशी, नजर जमिनीला. झेलणारीनं झेलली नाही तर धवला पुढं जात नाही. ठमाबाईनं तीच ओळ परत टाकली. एका साहेबानं घड्याळाकडं पाहिलं. रंजिताला आता अर्जाचं काही सुचत नव्हतं. हळदीचा वास नाकात, शेजारी कल्पेश, आणि मनात एकच, आई, म्हण ना गं. एकदाच म्हण.

ठमाबाईनं तिसऱ्यांदा ओळ टाकली. दम लागला, आवाज शेवटी जरा तुटला. आणि तो खाली पडायच्या आत गोदूनं उचलला.

"आयबापाच्या हातानं हलद तुला लाव गं..."

मग काय विचारता! दोघी अशा सुटल्या की पाच मिनिटं कधीच मागं पडली आणि थांबवायचं कोणाला सुचलं नाही. गोदू गात गात पुढं आली, टोपलीतली हळद घेतली आणि लेकीच्या गालाला, कपाळाला, हाताला लावत राहिली. मग जावयाच्याही गालाला लावली, अगदी चष्म्यापर्यंत. रंजिता रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम, आणि तिला कशाचीही लाज वाटत नव्हती. दारात गर्दी लोटली. भारूडवाल्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

धवला संपला तेव्हा अध्यक्ष मॅडमनी डोळे पुसले, शेजारच्या दोघांशी कुजबुजल्या आणि म्हणाल्या, "आजी, वर्ग सुरू करायची तयारी करा. आमची शिफारस आहे." बाहेर एकच आरोळी उठली. कल्पेश हळदीच्या हातांनी टाळ्या पिटायला लागला.

"एक शेवटची नोंद," मॅडम पेन उचलून म्हणाल्या. "सूचनांनुसार अर्ज भरून देणाऱ्याचं कलाकाराशी काही नातं असेल तर लिहावं लागतं." त्यांनी रंजिताकडं बोट केलं आणि गोदूला विचारलं, "या तुमच्या कोण?"

रंजिता तोंड उघडणार होती. सूचना तिला पाठ होती. पण गोदूनं पदरानं हात पुसले आणि तिच्या आधी बोलली.

"माजी लेक हाय," ती म्हणाली. "पनवेलला दिलीय."